परत येणारे शिक्षक आणि ‘सेवा’ या शब्दाची किंमत



शिकवणं सोडून गेलेला शिक्षक काही वर्षांनी पुन्हा शाळेकडे वळतो, ही गोष्ट कोणालाही आवडते. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांच्या जगात ती फार प्रेमाने सांगितली जाते. तरुणपणी दोन वर्षं गरीब वस्तीत शिकवलं, मग वकिली, कंपनी किंवा संशोधन केलं, आणि पुन्हा त्याच शाळांच्या कामात आले: कोणी मुख्याध्यापक म्हणून, कोणी नव्या शिक्षकांना घडवायला, कोणी धर्मप्रांताच्या शिक्षण विभागात. या सांगण्यात ‘नोकरी’ हा शब्द फारसा येत नाही, ‘सेवा’ येतो. परत येणाऱ्या माणसांच्या प्रामाणिकपणावर आम्ही शंका घेत नाही. आमचा वाद त्या शब्दाशी आहे, कारण तोच शब्द वापरून त्याच शाळांतल्या शिक्षकांचे हक्क काढून घेतले गेले आहेत. फेलोशिपचे फॉर्म भरणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा इतिहास माहीत करून घ्यावा, म्हणून हा लेख.

या शाळा मुळात गरिबांनी उभ्या केल्या. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, इटली, पोलंडहून आलेले कॅथलिक मजूर अमेरिकेत खालचे मानले जात. सरकारी शाळांचं वळण प्रोटेस्टंट होतं. १८८४ साली बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि तिने ठरवलं की प्रत्येक पॅरिशने दोन वर्षांत स्वतःची शाळा काढावी. मजुरांच्या वर्गणीतून शाळा निघाल्या. पोटाला चिमटा काढून वसतिगृहं चालवलेल्या समाजाला यातलं मोल वेगळं सांगायला नको. (त्यातही पायऱ्या होत्याच. गोऱ्या जोगिणींचे संघ काळ्या स्त्रियांना घेत नसत, म्हणून काळ्या स्त्रियांनी १८२९ मध्ये बाल्टिमोरलाच ‘ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स’ हा स्वतःचा संघ काढला आणि काळ्या मुलींना शिकवलं.)

१९६० च्या दशकाच्या मध्याला या शाळांत ५० लाखांहून जास्त मुलं शिकत होती. हा डोलारा कोणाच्या खांद्यावर होता? १९५० साली तिथल्या दहापैकी नऊ शिक्षक धर्मसंघातले होते, आणि त्यांत बहुसंख्य जोगिणी. जोगिणीला पगार नव्हता. तिच्या संघाला नाममात्र रक्कम मिळायची. घर, मूल, म्हातारपण यांपैकी कशाचाच हिशोब त्या रकमेत नव्हता. फी कमी राहिली ती या बायकांच्या जवळपास फुकट श्रमांवर. १९६० च्या दशकानंतर धर्मसंघात येणाऱ्यांची संख्या घटली, होत्या त्या म्हाताऱ्या झाल्या, आणि तेव्हा कळलं की आयुष्यभर शिकवलेल्या या बायकांच्या औषधपाण्याची पुरेशी सोय कोणी केलेलीच नाही. १९८८ पासून अमेरिकेतल्या चर्चमध्ये निवृत्त धर्मसेवकांसाठी दरवर्षी झोळी फिरवली जाते. ज्यांनी संस्था उभी केली, त्यांच्या म्हातारपणासाठी वर्गणी! ‘सेवा’ या शब्दाचा हा पहिला हिशोब.

जोगिणींच्या जागी संसारी शिक्षक आले. आज या शाळांत धर्मसंघातले शिक्षक शंभरात तीनसुद्धा उरलेले नाहीत. संसारी माणसाला घरभाडं भरावं लागतं. खर्च वाढला, फी वाढली, त्यात कॅथलिक कुटुंबं शहर सोडून उपनगरांत गेली आणि शाळा धडाधड बंद पडल्या. १९६० च्या दशकात सुमारे १३ हजार शाळा होत्या, आता ६ हजारांहून कमी आहेत आणि विद्यार्थी १७ लाखांच्या आसपास. गंमत अशी की शहरातल्या ज्या शाळा तगल्या, त्यांत आता काळ्या आणि लॅटिनो कुटुंबांची मुलं मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतली कित्येक कॅथलिकही नाहीत. शाळा बंद पडते तेव्हा नुकसान त्यांचं होतं.

या पार्श्वभूमीवर १९९३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात ‘अलायन्स फॉर कॅथलिक एज्युकेशन’ सुरू झालं. ताज्या पदवीधरांना घ्यायचं, दोन वर्षं गरज असलेल्या कॅथलिक शाळेत पाठवायचं, उन्हाळ्यांत विद्यापीठात बोलावून शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी द्यायची. राहायचं मात्र एकट्याने नाही, चार-सहा जणांनी एका घरात. स्वयंपाक, प्रार्थना, वर्गातली रडारड, सगळं एकत्र. दोन वर्षं संपली की नातं संपत नाही. मुख्याध्यापक घडवण्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे, माजी शिक्षकांचं जाळं आहे. म्हणून माणसं परत येतात.

हे कौतुकाचं आहे आणि आम्ही कौतुक करतो. आपल्याकडे ‘समाजाचं ऋण फेडा’ हे वाक्य प्रत्येक जयंतीला भाषणात येतं. ऐकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने कुठे जायचं, कोणाला भेटायचं, राहायचं कुठे, जेवायचं काय, हे कोणी सांगत नाही. परत येण्यासाठी आधी वाट असावी लागते. नोत्र दामच्या लोकांनी वाट बांधली. भावनेच्या जोरावर माणूस एक उन्हाळा टिकतो. पुढे टिकायला घर लागतं, सोबत लागते, पदवी लागते.

पण कौतुक इथपर्यंतच. समाजशास्त्राच्या वर्गात जेम्स कोलमन शिकलेल्यांना आठवेल, १९८० च्या दशकात त्याने दाखवलं होतं की कॅथलिक हायस्कुलांतून शाळा सोडून जाण्याचं प्रमाण सरकारी शाळांपेक्षा बरंच कमी आहे. कारण म्हणून त्याने ‘सामाजिक भांडवल’ पुढे केलं: पालक एकमेकांना ओळखतात, शिक्षक पालकांना ओळखतात, मूल नजरेआड होत नाही. निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले, ते बाजूला ठेवू. आमचा प्रश्न साधा आहे. हे भांडवल तयार कोण करतं? शाळा सुटल्यावर मुलाच्या घरी जाणारा, शनिवारी संघाचा सराव घेणारा, रविवारी चर्चच्या दारात आईशी बोलणारा शिक्षक. हे त्याचे जादा श्रम आहेत. परीक्षेत गाइड वाचून ‘सामाजिक भांडवल’ची व्याख्या लिहिताना या श्रमांचा पत्ता लागत नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षकापेक्षा या शिक्षकाचा पगार सर्वसाधारणपणे कमीच असतो.

मग त्याने संघटना बांधावी? बांधू पाहिली. १९७९ मध्ये शिकागोच्या कॅथलिक बिशपांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की चर्चच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बाबतीत केंद्रीय श्रम मंडळाला अधिकारक्षेत्रच नाही. म्हणजे मालकाला वाटाघाटीला बसवण्याचं जे हत्यार गिरणीतल्या कामगाराच्या हातात होतं, ते शिक्षकाच्या हातातून गेलं. काही धर्मप्रांतांनी आपणहून संघटनांना मान्यता दिली. आपणहून दिलेली गोष्ट आपणहून परतही घेता येते.

त्याहून कठोर निकाल ८ जुलै २०२० चा. ‘आवर लेडी ऑफ ग्वाडालूप स्कूल’ हा तो खटला. कॅलिफोर्नियातल्या दोन कॅथलिक प्राथमिक शाळांतल्या दोन शिक्षिका. दोघींचे करार शाळांनी पुढे चालवले नाहीत. एकीचं म्हणणं होतं, वय झालं म्हणून मला काढलं. दुसरीला स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचारासाठी रजा लागेल असं सांगितल्यावर तिला काढलं, अशी तिची तक्रार होती. निकाल लागण्याआधीच ती वारली. शाळांनी आपली बाजू मांडली की या बाया वर्गात धर्मही शिकवत होत्या, मुलांसोबत प्रार्थना करत होत्या, तेव्हा भेदभावविरोधी कायदा त्यांच्या बाबतीत लागूच होत नाही. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने हे मान्य केलं. तक्रार खरी की खोटी, हे तपासलंच गेलं नाही. तपासायचा अधिकारच नाही, असं ठरलं.

विचार करा. तुमच्या कामाला जितकं पवित्र म्हटलं जाईल, तितका तुमचा दाद मागण्याचा हक्क पातळ होत जातो. ज्या शिक्षकाला ‘तुम्ही नोकर नाही, तुम्ही सेवेकरी आहात’ असं म्हणून डोक्यावर घेतलं, त्यालाच उद्या कोर्टाच्या दारात तेच वाक्य ऐकवलं जातं.

आणि तारखा पाहा. या निकालाच्या आठच दिवस आधी, ३० जून २०२० ला, त्याच न्यायालयाने माँटाना राज्याच्या एका प्रकरणात ठरवलं की राज्य खासगी शाळांसाठी करसवलतीतून शिष्यवृत्ती देत असेल, तर धार्मिक शाळांना त्यातून वगळता येणार नाही. २०२२ च्या मेन राज्यातल्या निकालाने हा रस्ता आणखी रुंद केला. म्हणजे आठवड्याभरात दोन गोष्टी पक्क्या झाल्या: जनतेचा पैसा धार्मिक शाळेपर्यंत जाईल, आणि जनतेचा भेदभावविरोधी कायदा तिथल्या धर्म शिकवणाऱ्या शिक्षकापर्यंत पोचणार नाही.

यावर तिथले लोक एक उत्तर देतात आणि ते हलकं नाही. पगार वाढवला तर फी वाढेल, फी वाढली तर लॅटिनो मजुराचं मूल बाहेर पडेल, शाळा बंद होईल. मग तुमच्या हक्कांचं काय लोणचं घालायचं? आम्ही सामाजिक कामात आहोत, पैशाअभावी बंद पडलेली अभ्यासिका कशी दिसते ते आम्हाला ठाऊक आहे. पण बहुतेक कॅथलिक शाळा आपापल्या पॅरिशच्या वर्गणीवर आणि फीवर चालतात. सधन उपनगरातली शाळा तगते, गरीब वस्तीतली मरते, आणि दोन्ही एकाच बिशपांच्या हाताखाली असतात. ही दरी वरून भरण्याऐवजी गरीब वस्तीतल्या शिक्षकाच्या पगारातून भरली जाते. गरिबाच्या मुलाचा खर्च संपूर्ण समाजाने उचलावा की त्याच्या शिक्षिकेने एकटीने? शिवाय आजारी बाईला रजा दिल्याने शाळा बुडते, हे आम्हाला कोणी हिशोबाने दाखवावं. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. मालकाचा हेतू चांगला आहे म्हणून कायदा नको, हा युक्तिवाद आपल्याला पटू नये.

आपल्या देशातल्या न्यायालयाने या बाबतीत वेगळी वाट धरली होती, हे आवर्जून सांगायला हवं. १९८६ च्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या खटल्यात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी कलम ३० चा मान राखूनही सांगितलं की विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळेतल्या शिक्षकांना सरकारी शाळेइतकं वेतन नाकारता येणार नाही. शिक्षकाला नीट वागवल्याने संस्थेचं अल्पसंख्याक स्वरूप बिघडत नाही. महाराष्ट्रात १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे. मुख्याध्यापक आणि आणखी तिघांपर्यंतच्या नेमणुकीत अल्पसंख्याक शाळांना मोकळीक आहे, पण एरवी बडतर्फ शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. वसई-मुंबईच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या शिक्षिकेला मिळणारं हे संरक्षण कॅलिफोर्नियातल्या तिच्या बहिणीला नाही.

म्हणून आपण निवांत राहायचं? हाच शब्द आपल्याकडे धर्माऐवजी सरकारने वापरला. २००० साली ‘शिक्षण सेवक’ आले. तीन वर्षं पूर्ण वेतनश्रेणी नाही, नुसतं मानधन. प्राथमिक शाळेत ते कित्येक वर्षं महिना ६ हजार होतं, २०२३ मध्ये १६ हजार झालं. ‘सेवक’ म्हटलं की ‘वेतन’ जातं आणि ‘मानधन’ येतं. मान द्यायचा आणि धन कापायचं. (भरतीच्या पोर्टलचं नावही ‘पवित्र’ आहे, हा योगायोग समजू.) जुलै २०२३ मध्ये तर राज्य सरकारने निवृत्त शिक्षकांनाच परत बोलावलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत रिक्त जागांवर, ७० वर्षं वयापर्यंत, दरमहा २० हजार मानधनावर, नियमित भरती होईपर्यंत. डीएड-बीएड करून अभियोग्यता चाचणी दिलेली पोरं रस्त्यावर, आणि त्यांच्या जागेवर पेन्शन घेणारे गुरुजी. गुरुजींच्या हेतूबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. त्यांतले बरेच आपल्या समाजातले, पहिल्या शिकलेल्या पिढीतले आहेत आणि वर्गात उभं राहण्याची त्यांची ओढ खरी आहे. पण त्या ओढीच्या आडून भरती लांबते आणि त्याची किंमत त्यांच्याच नातवंडांच्या वयाची मुलं मोजतात. गुरुजींनी परत जरूर यावं. आपल्या विहारांतल्या संध्याकाळच्या अभ्यासिका त्यांची वाट पाहत आहेत. मंजूर पदावर मात्र पूर्ण वेतनाचा तरुण शिक्षक हवा.

सध्या फेलोशिपच्या अर्जांचे दिवस आहेत. आमच्याकडे येणारी मुलं मुलाखतीत काय विचारतील, निबंधात काय लिहू, हे विचारतात. आम्ही त्यांना आधी नियुक्तीपत्राचा मसुदा मागायला सांगतो. त्यात आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, काढून टाकण्यापूर्वीची नोटीस आणि तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं पद, या चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का, ते पाहायचं. नसतील, तर मुलाखतीतच विचारायचं.