ग्रामरमधला 'मर'

इंग्रजीच्या बाई रजेवर होत्या आणि नववीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. इंग्रजी व्याकरण घ्यायची माझी हिंमत नव्हती. म्हणून फळ्यावर रोजच्या वापरातले काही इंग्रजी शब्द लिहिले आणि म्हटलं, डिक्शनरीतला अर्थ नको, तुमचा अर्थ सांगा. अट एकच: अर्थ शब्दाच्या आवाजातून निघाला पाहिजे.

सुरुवात मीच केली. बिल म्हणजे असं बीळ, ज्यात पगार शिरतो आणि परत बाहेर येत नाही. मग वर्ग सुटलाच.

सेल : जिथे अब्बांचं पाकीट सैल होतं.
लोन : एका घरातून दुसऱ्या घरात पसरत जाणारं लोण.
लेट : जो सकाळी नऊपर्यंत लेटतो तो.
मार्क : कमी पडले की मार देणारे.
मीटिंग : जिथे सगळे सर डोळे मिटून बसतात.

शेवटच्या अर्थावर मला हसू आवरेना, कारण मुलगी खोटं बोलत नव्हती.

मग मागच्या बाकावरून एक आवाज आला. हा मुलगा इंग्रजीच्या तासाला मान वर करत नाही. म्हणाला, "सर, ग्रामर में आखिर में 'मर' हैच ना!" वर्ग खो खो हसला, तोही हसला. मी त्याच्या हातात खडू दिला, म्हटलं, लिही. त्याने शब्द लिहिला, शेवटी 'ई आर' केलं, थोडा थांबला, स्वतःच पुसलं आणि 'ए आर' लिहिलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

याला कुणी टाइमपास म्हणेल. मला तसं वाटत नाही. शब्दाची गंमत करायची तर आधी तो नीट ऐकावा लागतो, त्याचा खरा अर्थ माहीत असावा लागतो आणि आपल्या भाषेतला दुसरा शब्द वेळेवर आठवावा लागतो. आमच्या मुलांच्या घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि नोकरीसाठी इंग्रजी. चारही ठिकाणी कुणी ना कुणी त्यांचा उच्चार दुरुस्त करत असतो. त्या तासाला पहिल्यांदाच चार भाषा हे ओझं न राहता भांडवल झालं.

ही काही नवी चूष नाही. मराठीत याला श्लेष म्हणतात. उर्दूत तजनीस आहे, ईहाम आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या शायरांना दुहेरी अर्थाचं वेडच लागलं होतं. आणि साध्या माणसांनी तर परक्या शब्दांना केव्हाच आपले कपडे घातले. पोर्तुगीज अफोन्सोचा हापूस झाला, इंग्रजी गॅसलाइटचं घासलेट झालं. कुणाची परवानगी घेतली नाही.

पण या खेळाला दुसरी बाजूही आहे. मोबाइलवर रोज येणारे असले अर्थ बघा. निम्म्याहून जास्त बायकोवर असतात. ते पाठवणारे पुरुष, हसणारे पुरुष, आणि ज्यांच्यावर विनोद आहे त्या आत स्वयंपाकघरात.

याहून जुनं उदाहरण आपल्या मोहर्रमचं आहे. मिरवणुकीत करबलाचा शोक करणारे लोक छाती पिटत "या हसन! या हुसैन!" म्हणत. इंग्रज सोल्जरांच्या कानांनी त्याचं 'हॉब्सन-जॉब्सन' केलं. पुढे यूल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्तानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा मोठा कोश केला, तो 1886 साली छापला गेला, आणि त्याला नावही हेच दिलं. कोश विद्वत्तेचा आहे, मी स्वतः तो आवडीने चाळतो. पण मुखपृष्ठावरचं नाव वाचताना दर वेळी वाटतं, कुणाचं तरी रडणं इथे गंमत झालं आहे.

सोल्जरने जे केलं तेच माझ्या विद्यार्थ्याने केलं: परका आवाज आपल्या आवाजात ओढला. फरक इतकाच, की मुलगा ज्याला घाबरत होता त्यावर हसला. सोल्जर ज्यांच्यावर राज्य करत होता त्यांच्या मातमवर.

म्हणून वर्गात मी आता हा खेळ दर शनिवारी घेतो, आणि एक नियम लावला आहे. शब्दावर हसा, परीक्षेवर हसा, सरांवर हसा. मी तर सांगूनच टाकलंय, की नोकरीची वाट बघताना मित्र मला 'बी.एड.' नाही, 'बेड'वाला म्हणायचे, दिवसभर खाटेवर पडलेला. पण कुणाचं नाव, कुणाची बोली, कुणाचा मजहब आणि कुणाचं दुःख फळ्यावर येणार नाही.

इंग्रजीच्या बाई रजेवरून परतल्या तेव्हा तक्रार घेऊनच आल्या. "सर, मुलांना काय शिकवलंत? ग्रामर म्हटलं की हसतात!"

मी म्हटलं, "बाई, आधी रडत होती."