विश्लेषण : धार्मिक किंवा नैतिक कारणांसाठी कंपनीवर बहिष्कार टाकल्याने खरंच काही बदलतं का?

'या कंपनीच्या वस्तू घेऊ नका' असा मेसेज फॅमिली ग्रुपवर कधीच आला नाही, असं घर सापडणं कठीण. कधी कारण असतं हलालचा शिक्का, कधी एखादा घटक, तर कधी जाहिरात. चार दिवस हॅशटॅग चालतो आणि विषय मागे पडतो. मग अशा बहिष्काराचा उपयोग होतो का? हे समजून घ्यायला दोन जुनी प्रकरणं पाहू. एक फ्रेंच फ्राइजचं, दुसरं बाळाच्या दूध पावडरीचं.

फ्राइजचा वाद काय होता?

फ्राइज यापुढे गाईच्या चरबीत नाही, तर वनस्पती तेलात तळले जातील, असं मॅकडोनाल्ड्सने 1990 मध्ये अमेरिकेत जाहीर केलं. तिथल्या अनेक हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी याचा अर्थ 'फ्राइज शाकाहारी झाले' असा घेतला. प्रत्यक्षात कारखान्यात फ्राइज तयार करतानाच त्यात गोमांसापासून केलेला स्वाद घातला जात होता. घटकांच्या यादीत मात्र फक्त 'नैसर्गिक स्वाद' एवढंच लिहिलेलं होतं.

मे 2001 मध्ये सिएटलमध्ये खटला दाखल झाला. 2002 मध्ये तडजोड झाली. कंपनीने माफी मागितली आणि हिंदू, शाकाहारी व इतर संस्थांना मिळून 1 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

मग ठाण्यात तोडफोड का झाली?

ही बातमी भारतात पोहोचताच संताप उसळला आणि ठाण्यातील मॅकडोनाल्ड्सची मोडतोड झाली. पण ही कंपनी 1996 मध्ये भारतात आली तीच मुळात गोमांस आणि डुकराचं मांस नसलेला मेन्यू घेऊन. नंतर झालेल्या तपासणीतही इथल्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अंश सापडला नाही. म्हणजे आक्षेप होता अमेरिकेतल्या पदार्थावर आणि नुकसान झालं इथल्या दुकानाचं. हे दुकान स्थानिक भागीदार चालवत होते आणि तिथे काम करणारी मुलंही इथलीच होती.

अमेरिकेत पुढे काय बदललं?

पदार्थ बदलला नाही. तिथल्या फ्राइजमध्ये आजही बीफचा स्वाद असतो. फरक एवढाच, की आता तो घटकांच्या यादीत स्पष्ट लिहिलेला असतो. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या शाकाहारी मराठी माणसाने हे लक्षात ठेवलेलं बरं. आक्षेप घेणाऱ्यांना मिळाला तो जाणून घेण्याचा हक्क. भारतात पाकिटांवर शाकाहारी-मांसाहारी ओळखण्याची खूण बंधनकारक करण्याचे नियमही साधारण याच काळात आले.

दूध पावडरीचं प्रकरण वेगळं कसं?

इथे आक्षेप धार्मिक नव्हता, नैतिक होता. नेस्ले गरीब देशांमध्ये बाळांच्या दूध पावडरीचा आक्रमक प्रचार करत होती. स्वच्छ पाणी नसलेल्या घरांत ही पावडर बाळांच्या जिवावर बेतत होती आणि महाग असल्याने आया ती पातळ करून पाजत होत्या. 1977 मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी अशा विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. कंपनीने ती पाळण्याची तयारी दाखवल्यावर 1984 मध्ये बहिष्कार थांबला, पण पालन होत नसल्याचा आरोप करत 1988 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. भारताने 1992 मध्ये कायदा करून बाळांच्या दूध पावडरीच्या जाहिरातींवर बंदी घातली.

या बहिष्कारामागे ठोस मागणी होती, ती अनेक वर्षं लावून धरली गेली आणि शेवटी तिचं नियमात रूपांतर झालं.

ग्राहकाचा निर्णय आणि सरकारची बंदी यात फरक काय?

उत्तर प्रदेश सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये हलाल प्रमाणित वस्तूंच्या उत्पादन आणि विक्रीवर बंदी घातली. निर्यातीसाठीच्या मालाला त्यातून सूट दिली. या बंदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. हलालचा शिक्का नको म्हणून एखादी वस्तू न घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पण बंदी आली की ज्याला तो शिक्का हवा आहे, त्याचीही निवड संपते. फ्राइजच्या खटल्यात लोकांनी मागितलं होतं ते नेमकं हेच, की आपण काय खातो हे आपल्याला ठरवता यावं.

महाराष्ट्रात आणखी एक रेषा कायद्यानेच आखलेली आहे. एखाद्या व्यक्तीला किंवा कुटुंबाला वाळीत टाकणं हा 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कंपनीची वस्तू नाकारणं यात येत नाही. पण त्याच कारणावरून 'अमुक समाजाच्या दुकानदाराकडून काहीच घेऊ नका' असं सुरू झालं, तर प्रश्न वस्तूचा राहत नाही, माणसांचा होतो.

त्यामुळे पुढचा मेसेज आला की तीन गोष्टी तपासा. तो घटक भारतात मिळणाऱ्या वस्तूत खरंच आहे का? कंपनीकडे नेमकी मागणी काय आहे? आणि फटका कंपनीला बसणार आहे, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला?