काळ्या काचा : दंड ठरलेला, मोजमाप अंधारात

मोटारीच्या काचांवर काळी फिल्म लावणे बेकायदा आहे, हे शहरातील बहुतेक वाहनचालकांना ठाऊक असते. तरीही अशा मोटारी रस्त्यावरून बिनदिक्कत धावताना दिसतात. काच किती काळी असल्यास कारवाई व्हावी, याविषयी फिल्म विकणारा, मोटारमालक आणि नाक्यावरचा वाहतूक पोलिस यांच्यात एकवाक्यता नाही. २०२१ मध्ये नियमात झालेल्या दुरुस्तीने या गोंधळात भरच पडली आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. या टक्केवारीचा आधार घेऊन अनेक वर्षे फिल्मचा व्यवसाय सुरू होता. 'अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार' या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला आणि त्याला चाप बसला. नियमातील टक्केवारी ही काच तयार होतानाची आहे. त्यावर नंतर कोणत्याही प्रमाणाची फिल्म चिकटवता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ४ मे २०१२ पासून ही बंदी लागू झाली. झेड व झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या वाहनांपुरती सवलत ठेवण्यात आली. फिल्म उत्पादकांना ऑगस्ट २०१२ मध्येही दिलासा मिळाला नाही.

काळ्या काचांआड होणाऱ्या गुन्ह्यांची दखल न्यायालयाने घेतली होती. त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत काळ्या काचा व पडदे असलेल्या बसमध्ये तरुणीवर अमानुष अत्याचार झाला, तेव्हा आदेश आणि अंमलबजावणी यांतील दरी साऱ्या देशाला दिसली.

या आदेशाचे बलस्थान त्याच्या सोपेपणात होते. पोलिसाला काहीही मोजण्याची गरज नव्हती. काचेवर फिल्म आढळली की ती काढायची आणि दंडाची पावती द्यायची, इतकेच काम होते.

१ एप्रिल २०२१ पासून मात्र नियमात 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' या शब्दांचा समावेश झाला. त्याआधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला मुभा दिली. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. पण विक्रेत्यांच्या हाती त्यामुळे आयते समर्थन आले. मर्यादा पाळली की नाही, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी प्रकाश मोजणारे उपकरणच हवे.

येथेच ग्राहकाची फसगत होते. काच ७० टक्के प्रकाश आत सोडत असेल आणि तिच्यावर '५० टक्क्यांची' फिल्म लावली, तर प्रत्यक्षात ३५ टक्केच प्रकाश आत येतो. फिल्मच्या खोक्यावरचा आकडा नियमात बसतो. मोटारीची काच बसत नाही. रात्री किंवा मुसळधार पावसात अशा काचेतून शेजारचा दुचाकीस्वार वा पादचारी चालकाला उशिरा दिसतो. उन्हाचा चटका खरा असला, तरी त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे न्याय्य ठरत नाही.

दंडाचा धाकही बेताचाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पूर्वी पहिल्या गुन्ह्यास १०० रुपयांपर्यंत व पुढील गुन्ह्यास ३०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो अनुक्रमे ५०० व १५०० रुपयांपर्यंत गेला. महाराष्ट्रात सुधारित दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. फिल्मसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याला ही रक्कम जड वाटण्याचे कारण नाही. त्याला खरी झळ बसते ती फिल्म जागीच उतरवली गेली तर.

२०१२ चा आदेश आणि २०२१ ची दुरुस्ती यांची सांगड कशी घालायची, हे परिवहन खात्याने लेखी सांगायला हवे. टक्केवारीच ग्राह्य धरायची, तर प्रत्येक पथकाकडे मोजणीचे उपकरण हवे. ते देता येत नसेल, तर सरसकट बंदीचीच अंमलबजावणी व्हावी. अन्यथा कारवाई पोलिसाच्या मर्जीवर आणि मोटारमालकाच्या वजनावर अवलंबून राहील.