झाकली मूठ आणि वेगवान मोटार

रविवारी सकाळी चांदणी चौक ओलांडून पौडच्या दिशेने निघालेल्या मोटारींची रांग पाहिली, म्हणजे पुणे परिसराच्या बदललेल्या अर्थव्यवहाराचे एक चित्र समोर उभे राहते. भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकून मुळशीच्या जलाशयाकडे आणि तेथून ताम्हिणी घाटाकडे धावणाऱ्या या मोटारींत जमिनीलगत बसलेल्या, दोनशे-तीनशे अश्वशक्तीच्या, मूळच्या चाळीस-पन्नास लाख रुपये किमतीच्या गाड्याही असतात. त्या सगळ्याच कोऱ्या नसतात. कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या असतात. पन्नास लाखांची गाडी काही वर्षांनी बारा-तेरा लाखांना मिळू लागली, की नव्या मध्यम मोटारीसाठी पैसे साठविणारा नोकरदार तरुणही तिच्याकडे वळून पाहू लागतो. त्यामुळे हा विषय केवळ धनिकांच्या हौसेचा उरलेला नाही. अशी मोटार पारखून कशी घ्यावी, आणि ती पारखण्याचा सारा भार एकट्या ग्राहकानेच का वाहावा, हा सामान्य माणसाच्या पुंजीशी आणि रस्त्यावरील जिवांशी निगडित असलेला प्रश्न आहे.

जुन्या वाहनांचा बाजार पुण्याला नवा नाही. परवाना-पद्धतीच्या काळात आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि हाती आलेली स्कूटर लगेच विकली तरी तिला ठरावीक किमतीपेक्षा अधिक पैसे मिळत. वाहनाचा भाव त्या वेळी टंचाईने ठरत असे. १९९१ नंतर टंचाई सरली आणि जुन्या वाहनाचा भाव त्याच्या गुणदोषांवर ठरू लागला. निदान तसा तो ठरावा, अशी अपेक्षा निर्माण झाली. परंतु गुणदोष कोणाला ठाऊक असतात? विकणाऱ्याला. घेणाऱ्याला दिसतो तो फक्त रंग आणि ऐकू येतो तो फक्त आवाज.

याच विषमतेवर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला. त्याने उदाहरण घेतले ते जुन्या मोटारींच्या बाजाराचेच. अमेरिकेत खोडील गाडीला बोलीभाषेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात; म्हणून त्या निबंधाच्या शीर्षकातही लिंबेच आली. समजा, बाजारात दहा गाड्या आहेत. पाच उत्तम, प्रत्येकी पंधरा लाखांच्या योग्यतेच्या; पाच खराब, प्रत्येकी सात लाखांच्या. घेणाऱ्याला त्यांतील भेद कळत नसेल, तर तो सरासरी काढून अकरा लाख देऊ करील. उत्तम गाडीचा मालक अकरा लाखांत गाडी देण्यापेक्षा ती घरी ठेवणे पसंत करील. मग बाजारात उरतील त्या खराब गाड्या. ग्राहकाला याचा सुगावा लागला, की भाव सातावर येईल. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावते, तद्वत वाईट मोटार चांगल्या मोटारीला बाजारातून घालवते. या विचाराबद्दल अ‍ॅकरलॉफला २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीत या सिद्धान्ताचा अर्धा भाग पूर्वीच सांगून ठेवलेला आहे. उरलेला अर्धा भाग असा, की सगळ्याच मुठी झाकलेल्या असल्या म्हणजे सव्वा लाख कोणीच देत नाही.

साध्या मोटारीपेक्षा वेगवान मोटारीच्या बाबतीत ही मूठ अधिक घट्ट झाकलेली असते. साधी गाडी कोणी कशीही चालवली तरी तिची झीज एका मर्यादेत राहते. वेगासाठी बांधलेल्या गाडीचे तसे नाही. तीस हजार किलोमीटर संयमाने चाललेली आणि तितकीच निर्दयपणे पिटाळलेली अशा दोन गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात. शिवाय, अशा गाडीची किंमत उतरते, पण तिला पोसण्याचा खर्च उतरत नाही. बारा लाखांना घेतलेल्या गाडीचे ब्रेक, टायर आणि गिअरबॉक्स हे पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात, आणि त्यांचे दरही त्याच हिशेबाने आकारले जातात. ही साधी गोष्ट व्यवहाराच्या उत्साहात विसरली जाते.

परीक्षेची रीत

म्हणून पारख हवी, आणि ती क्रमाने हवी. गाडी पाहायला जाण्यापूर्वीच मालकाने ती चालू करून ठेवलेली असेल, तर तो पहिला संशय समजावा. रात्रभर थंड राहिलेले इंजिन पहिल्या सुरुवातीला जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळीत आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही, तर थंड करण्याचे पाणी जेथे जाऊ नये तेथे जात आहे. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात वेळेवर न बदललेले तेल हाच मोठा शत्रू असतो. म्हणून सर्व्हिसच्या नोंदी आणि त्यांतील तारखा किलोमीटरच्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात. आकडा कमी आणि पेडलचे रबर, सुकाणूचे चाक व चालकाच्या आसनाची कड मात्र झिजलेली, असे आढळले तर आकड्यापेक्षा झिजेवर विश्वास ठेवावा.

टायरच्या बाजूवर निर्मितीचे चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर एकाच बनावटीचे नसतील किंवा एकाच बाजूने झिजलेले असतील, तर चाकांची रचना बिघडली आहे किंवा गाडी कोठे तरी आदळलेली आहे. ब्रेकच्या तबकडीच्या कडेला बोटाला जाणवेल असा उंचवटा आला असेल, तर तिचे आयुष्य सरत आले आहे. बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवरील रंग उडालेला असेल, तर तेथे पाना फिरलेला आहे. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय ठोकपिटीचा खरा इतिहास कळत नाही.

पुराचा इतिहास तर याहून गुप्त असतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी आणि पुण्यात आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुरात असंख्य वाहने बुडाली. बुडालेल्या गाड्या डागडुजी करून पुन्हा विकल्या जाण्याचा धोका प्रत्येक पुरानंतर असतो. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, गालिचा उचलावा, आसनाखालच्या रुळांवरील गंज तपासावा. आतल्या टोकाशी वाळलेला चिखल खोटे बोलत नाही. अखेरीस, इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकात फेरफार करून ताकद वाढविण्याची आणि विकण्याआधी सारे पूर्ववत करण्याची एक चाल या गाड्यांत असते. ती हुडकण्यासाठी स्कॅनर आणि तो वाचू शकणारा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला जाणकार मेकॅनिक हवा. त्याच्या तपासणीचे काही हजार रुपये हा खर्च मानू नये. बारा लाखांच्या व्यवहाराचा तो विमा होय.

घोड्याचे उदाहरण

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या पाठीशी किती उभा राहतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील सतराव्या कलमाखाली काही उदाहरणे दिली आहेत, आणि ती आहेत घोड्याच्या विक्रीची. लिलावात विकणाऱ्याला घोडा सदोष असल्याचे ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. मात्र घेणाऱ्याने ‘आपण नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे म्हटले आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या एका घोड्याची शिकवण आजच्या तीनशे अश्वशक्तींना तंतोतंत लागू पडते. गाडीला अपघात झाला होता काय, ती पाण्यात गेली होती काय, इंजिनाच्या संगणकात फेरफार झाला आहे काय, हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर लेखीच घ्यावे. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात असेही म्हटले आहे, की साधारण दक्षतेने सत्य शोधण्याचे साधन हाती असूनही जो ते वापरत नाही, त्याला असत्य कथनाच्या वा मौनाच्या आधारे करार रद्द करता येत नाही. म्हणजे तपासणी न करणारा ग्राहक पैशाबरोबर आपली तक्रारही गमावून बसतो.

विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. मालकी बदलल्याचे त्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असा मोटार वाहन कायद्याचा दंडक आहे. नोंदवहीत ज्याचे नाव असेल तोच नुकसानभरपाईसाठी मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे. सही करून किल्ली देणारा आणि कागद खिशातच ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या वेगाचे उत्तरदायित्व आपल्या डोक्यावर घेत असतो.

जमिनीचा पैसा

मुळशीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. याच तालुक्याने १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध आणि जमिनीसाठी सत्याग्रह केला. पुढे हिंजवडी-माण परिसरात माहिती-तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि कित्येक कुटुंबांच्या हाती एकरकमी पैसा आला. या पैशाने घडविलेली आणि मोडलेली तरुण आयुष्ये ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ सालच्या चित्रपटाने महाराष्ट्रभर पोचविली. जमीन ही पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देणारी संपत्ती. मोटार ही दारात उभी राहूनही दररोज घटणारी. पहिली विकून दुसरी घेणाऱ्याला उपदेश करणे सोपे आहे. पण शहरातील माणसाला जी हौस शोभते ती गावातल्या तरुणाने करू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याची फसवणूक होऊ नये, एवढी व्यवस्था करणे मात्र समाजाचे कर्तव्य आहे. कौटिल्याने विक्री फिरविण्यासाठी व्यापाऱ्यांना एक रात्र आणि शेतकऱ्यांना तीन रात्री दिल्या होत्या. शेतकऱ्याला बाजाराची माहिती कमी म्हणून विचाराला अवधी अधिक, असा त्यामागील अर्थ लावता येतो. आजच्या व्यवहारात तेवढीही सवड उरलेली नाही.

व्यवस्था म्हणजे काय, हे इतर देशांकडे पाहिले असता ध्यानात येते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासली जाते, आणि नंबर टाकताच तिच्या तपासण्यांचा व किलोमीटरचा इतिहास कोणालाही पाहता येतो. जर्मनीत ही तपासणी पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी होते. अमेरिकेने किलोमीटरचा, म्हणजे तेथील मैलांचा, आकडा मागे फिरविण्याविरुद्ध १९७२ सालीच केंद्रीय कायदा केला. आपल्याकडे रिक्षा आणि टेम्पो यांना ठरावीक मुदतीने योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु तीनशे अश्वशक्तीची खाजगी मोटार, धुराचे प्रमाणपत्र सोडले तर, पंधरा वर्षे कोणाच्याही तपासणीशिवाय हिंडू शकते. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात नियम केले आणि अधिकृत विक्रेत्यांची नोंदणी सुरू केली, हे योग्यच झाले. परंतु त्या नियमांनी गाडी कोणाच्या ताब्यात आहे हे कळते. ती कशा अवस्थेत आहे हे कळत नाही.

मालकी बदलताना स्वतंत्र तपासणीचा दाखला जोडण्याची पद्धत सुरू करणे, आणि विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढलेल्या गाड्यांची नोंद सर्वांना पाहता येणे, या दोन गोष्टी झाल्या तरी बाजाराचे रूप पालटेल. यावर आक्षेप घेतला जाईल, की आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक दलाल. तो आक्षेप अनुभवातून आलेला असल्यामुळे उडवून लावता येणार नाही. म्हणूनच दाखला प्रथम ऐच्छिक असावा, तपासणाऱ्याने वाहनांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करू नये आणि तपासणीचा अहवाल नोंदणी क्रमांकावर उघड असावा. दाखला असलेल्या गाडीला अधिक भाव मिळू लागला, की चांगल्या गाडीचा मालक तो आपणहून मागेल. आणि जो मागणार नाही, त्याचे मौन घोड्याच्या उदाहरणातील मौनाप्रमाणे ग्राहकाला वाचता येईल.

पौड रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवर देशातील मोटारींची चाचणी घेणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था उभी आहे. चाकणला जगातील नामवंत कंपन्यांच्या मोटारी बांधल्या जातात. नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी तिचा प्रत्येक भाग पारखणारे ज्ञान या जिल्ह्यात आहे. त्याच टेकडीखालून जुनी गाडी घेऊन घरी निघालेल्या माणसाला मात्र तिचे इंजिन खरे बोलते की खोटे, हे ताम्हिणीच्या वळणावर कळावे, ही परिस्थिती त्या ज्ञानाला शोभणारी नाही. तोपर्यंत ग्राहकाने दोन गोष्टी कराव्यात: गाडी थंड असताना पाहावी आणि निर्णयही थंड डोक्यानेच घ्यावा.