‘वयामुळे आहे’ हे पडदा पाहिल्याशिवाय कसं कळलं?

डोळ्यासमोर काळे ठिपके, माशी, केस किंवा जाळं तरंगतं, अशी तक्रार घेऊन पन्नाशी-साठीचा माणूस आला की त्याला दोनपैकी एक गोष्ट हमखास मिळते. एक तर ‘जाळी विरघळवणारे’ ड्रॉप, नाही तर ‘वयामुळे आहे, लक्ष देऊ नका’ हा सल्ला. ड्रॉप म्हणजे पैशांची नासाडी. ठिपके डोळ्याच्या आत, मागच्या पोकळीत असतात. वरून टाकलेल्या थेंबाने ते विरघळत नाहीत.

सल्ला मात्र अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. या पोकळीत सुमारे ४ मिली पारदर्शक जेली असते. वयाबरोबर ती पातळ होते, तिच्यातले तंतू गोळा होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. पुढे ही जेली आकसून पडद्यापासून सुटते. बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण ती जिथे घट्ट चिकटलेली असते, तिथे सुटताना पडदा फाडू शकते. अचानक ठिपके किंवा चमक दिसू लागून जेली सुटल्याचं निदान होतं, अशा साधारण सातांपैकी एकाच्या पडद्याला चीर सापडते.

नुसती चीर असेल तर बहुधा लेसरने भागतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. चिरेतून पाणी मागे शिरून पडदा सुटला, की मोठी शस्त्रक्रिया. आणि तरीही नजर पूर्वीसारखी होईल याची खात्री नाही.

मग ‘वयामुळे आहे’ असं म्हणायचा हक्क कोणाला? बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत पाहिलेल्यालाच. टॉर्च मारून किंवा चष्म्याचा नंबर काढून तो दिसत नाही. १९७६ पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने असंख्य लोकांना मोतीबिंदूतून दृष्टी दिली, हे मोठंच काम. पण गावोगावच्या शिबिरांमुळे डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदूच, अशी समजूत झाली. ‘मोतीबिंदू नाही’ ऐकून माणूस निश्चिंत घरी जातो!

‘मग काय प्रत्येकाला सोलापूर-लातूरला पाठवायचं?’ नाही. वर्षानुवर्षांचे तेच दोन ठिपके असतील तर सवडीने दाखवा. पण ठिपके एकदम वाढले, अंधारात वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी निघा. जाड मायनस नंबर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं किंवा डोळ्याला मार लागलेला असेल तर धोका जास्त. मधुमेह्याच्या डोळ्यात काजळी उडाल्यासारखं दिसलं तर तो रक्तस्रावही असू शकतो. यातलं काहीच दुखत नाही, म्हणूनच ‘सोयाबीनची काढणी उरकली की जाऊ’ असं घरचे ठरवतात. काढणी मजूर लावूनही होते.

जाताना सोबत कोणाला तरी न्या. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसतं, मोटारसायकल चालवू नका. आणि पहिल्या तपासणीत चीर नसली तरी महिनाभराने पुन्हा बोलावतील, तेव्हा जा. काही चिरा नंतर पडतात.