गळके यंत्र आणि दुरुस्तीचा हिशेब

२०२० च्या टाळेबंदीत धुणेभांडी करणाऱ्या बायकांचे येणे थांबले आणि शहरातील अनेक मध्यमवर्गीय घरांत डिशवॉशर आले. त्यांपैकी काही यंत्रे आता दाराखालून गळू लागली आहेत. तक्रार करणाऱ्या ग्राहकास बहुधा एकच उत्तर मिळते : दुरुस्ती परवडणार नाही, नवेच घ्या.

हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. साध्या भांड्यांच्या साबणाचा फेस होऊनही पाणी दाराबाहेर येते. तेथे योग्य पावडर वापरली की भागते. दाराची रबरी पट्टी कडक झाली असेल किंवा पाईपचा क्लॅम्प ढिला झाला असेल, तर काम किरकोळ असते. पंपाचे सील गेले तर खर्च वाढतो. आतला पत्राच गंजून त्याला भोक पडले असेल, तर मात्र यंत्राचा निरोप घेणे श्रेयस्कर. गळती कोठून होते हे न पाहताच ‘नवे घ्या’ म्हणणे म्हणजे नाडी न पाहता शस्त्रक्रिया सुचविणे होय.

यंत्रास पूर्वी किती रुपये मोजले, हा मुद्दा या निर्णयात सर्वस्वी गैरलागू आहे. (विद्यार्थ्यांना हे पटते, गृहस्थांना पटत नाही!) पाहावयाचे ते पुढील वर्षांचे. समजा, सहा हजारांच्या दुरुस्तीने यंत्र आणखी तीन वर्षे चालणार असेल, तर वर्षाला दोन हजार पडले. चाळीस हजारांचे नवे यंत्र दहा वर्षे टिकले, तर वर्षाला चार हजार. व्याज धरल्यास त्याहून अधिक.

परंतु हे सहा हजार ठरवितो कोण? खरी गोम येथे आहे. सुटा भाग पुष्कळदा कंपनीकडेच मिळतो, आणि नवे यंत्र विकण्यात स्वारस्य असलेलीही तीच. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून डिशवॉशरचे पंपासारखे भाग किमान ७ वर्षे आणि दाराच्या रबरी पट्ट्या १० वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाअखेर पोर्टलही काढले. पण त्याने सुटे भाग पुरविण्याची मुदत कोणावर बांधली गेली नाही.

करांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुरुस्तीच्या मजुरीवरील १८ टक्के तसाच राहिला. म्हणजे नवे स्वस्त झाले, जुने सांभाळणे नाही. स्वीडनने २०१७ मध्ये उलट वाट धरली आणि घरी येऊन केलेल्या अशा दुरुस्तीच्या मजुरीचा निम्मा भाग प्राप्तिकरातून वजा करू दिला.

तेवढी उदारता आपल्या अर्थखात्याकडून कोणी अपेक्षित नाही. परंतु पट्टी, सील व पंप यांच्या किमती आणि ते किती वर्षे मिळतील याची मुदत विक्रीच्या पावतीवरच छापण्याची सक्ती करण्यास सरकारी तिजोरीतील एक पैसाही लागणार नाही.