शकरखोऱ्याला साखर कोण देतो?

मोबाइलवर मुले एक चित्रफीत आवडीने पाहतात. परसात लाल बाटली टांगलेली, तिच्यात साखरेचे पाणी, आणि हवेत एका जागी तरंगत ते पिणारा इवलासा पक्षी. तो हमिंगबर्ड. मग वर्गात कोणीतरी हमखास सांगतो, "सर, हा तर आमच्या जास्वंदीवरही येतो!"

येतो तो हमिंगबर्ड नव्हे. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतो. आपल्या अंगणातला पक्षी म्हणजे शिंजीर, ज्याला सूर्यपक्षीही म्हणतात. चोच तशीच बारीक आणि वाकडी, आवडही तशीच गोडाची. पण हा सहसा फांदीवर बसून मध पितो. उर्दूत त्याचे नाव मोठे गोड आहे : शकरखोरा. त्याच्यावरून म्हणही पडली आहे, "ख़ुदा शकरखोरे को शकर देता है." ज्याची जी गरज, ती अल्लाह पुरवतो.

ही साखर कशी पुरवली जाते, हे वर्धा जिल्ह्यात वर्षभर पाहता येते. थंडी सरू लागली की काटेसावर फुलते, पाठोपाठ पळस आणि पांगारा. पाने गळालेल्या झाडांवर लाल-केशरी फुलांच्या मेजवान्या मांडलेल्या असतात. आंब्यावरचे बांडगूळ आपल्याला नकोसे, पण शिंजिराला त्याची फुले फार प्रिय. जास्वंद, कर्दळ, डाळिंब, केळफूल हे घरचे दस्तरखान. मध पिताना त्याच्या कपाळाला पराग लागतो आणि पुढच्या फुलाला पोचतो. म्हणजे खाल्ल्या मिठाला तो जागतो.

विणीच्या काळात नर झळाळत्या निळ्या-जांभळ्या रंगाचा, दुरून काळाच दिसतो. या दिवसांत तो मोटारसायकलच्या आरशातल्या स्वतःलाच दुश्मन समजून टोचा मारत बसतो. आरशावर कापड टाका, बिचारा सुटेल. वीण संपल्यावर तोच नर मादीसारखा फिकट पिवळा होतो. गळ्यापासून छातीपर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. पक्षी बदलला नाही, कपडे बदलले.

मग आपणही साखरेच्या पाण्याची बाटली टांगावी का? अमेरिकेत लोक एक भाग साखर, चार भाग पाणी घेतात, रंग किंवा मध मिसळत नाहीत आणि बाटली वारंवार धुतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. तेवढ्या उन्हात हे पाणी लवकर आंबते, बुरशी धरते, मुंग्या येतात. लाल सरबत तर मुळीच ठेवू नये. शिवाय पिलांचे पोट साखरेवर भरत नाही. त्यांना आई-बाप कोळी, अळ्या आणि बारीक किडे भरवतात. बाटलीऐवजी एक जास्वंद लावा, तिच्यावर औषध फवारू नका आणि सावलीत मातीच्या परळात रोज ताजे साधे पाणी ठेवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरट्याची. मादी एकटीच ते विणते. कोळ्याचे जाळे, वाळकी पाने, सालीचे तुकडे यांची लोंबती पिशवी, दारावर छोटेसे छज्जे. झुडपाच्या फांदीला, कधी व्हरांड्यातल्या तारेला किंवा कपडे वाळवायच्या दोरीला ती टांगलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, जळमटात कचरा अडकलाय. तसे वाटावे हेच तिचे संरक्षण असते. विणीचा भर साधारण फेब्रुवारी ते मे, आणि सध्या काही वर्षे रमजान येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्येच. ईदची साफसफाई, रंगरंगोटी, झाडूने जळमटे काढणे, सगळे तेव्हाच. त्या एका फटकाऱ्यात दोन-तीन अंड्यांचे घर जाऊ शकते.

स्वच्छता ईमानाचा भाग आहे, यात शंका नाही. पण कुरआनने पक्ष्यांनाही आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे (सूरह अल-अनआम, आयत 38). एका प्रवासात साथीदारांनी एका पक्षिणीची पिले उचलली, तेव्हा तिची तडफड पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती परत करायला सांगितल्याचे अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. लावलेल्या झाडाचे पक्ष्याने खाल्ले तरी तो सदका ठरतो, हेही बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांत नमूद आहे. म्हणून झाडू उचलण्याआधी लोंबत्या पिशवीकडे थोडा वेळ दुरून पाहा. चिमणीहून लहान पक्षी ये-जा करीत असेल, तर तेवढा कोपरा सोडा. अंडी उबवून पिले उडेपर्यंत साधारण महिना लागतो. तोवर दोरी दुसरीकडे बांधता येते.

मुलांना एक वही द्या. पहिला काळा नर कधी दिसला, तो कोणत्या फुलावर बसला, घरटे कधी सुरू झाले, एवढेच लिहू द्या. मुंबईच्या मुस्लिम कुटुंबात 1896 साली जन्मलेले डॉ. सलीम अली असेच पाहत आणि नोंदी ठेवत जगातल्या थोर पक्षितज्ज्ञांत गणले गेले. फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांची फुले यांवर त्यांनी 1932 मध्येच लेखन केले होते.

शकरखोऱ्याला साखर देणारा समर्थ आहे. त्याने मांडलेले ताट आपल्या हातून उधळले जाऊ नये, एवढे आपण पाहायचे.